‘लाइफटाइम’ कोणाचा?

महोदय,

विम्याच्या कागदांच्या फाइलमध्ये २००६ सालची एक पावती मी अजून जपून ठेवली आहे. मेनरोडवरच्या दुकानात ९९९ रुपये मोजून मोबाइलचे ‘लाइफटाइम’ कार्ड घेतले होते. इनकमिंग आयुष्यभर चालू राहणार, असे पाकिटावरच छापले होते. पावतीवरची शाई उडाली आहे, पण ‘लाइफटाइम’ एवढे वाचता येते.

२०१८ संपता संपता मेसेज आला: २८ दिवसांसाठी ३५ रुपयांचे रिचार्ज करा, नाहीतर इनकमिंग बंद. केले. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले आणि माझा आकडा १९९ वर गेला. वर्षाचे महिने बारा, रिचार्ज तेरा. म्हणजे २,५८७ रुपये. आयुष्यभराच्या पैशांत आता पाच महिनेही निघत नाहीत.

कंपनीचा परवाना, अगदी नूतनीकरण झालेलासुद्धा, असेपर्यंत लाइफटाइम प्लॅन ग्राहकाला मिळत राहिला पाहिजे, असे ‘ट्राय’ने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २००६ मध्येच बजावले होते. कॉल सेंटरमधल्या मुलीला हे सांगितले. ती म्हणाली, “सर, तो प्लॅन सिस्टिमला दिसत नाहीये.” तिचा काय दोष म्हणा!

मग मुलाने माझ्या फोनवरून १९०० वर पोर्टचा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याचा, मेसेज टाकला. दुसऱ्याच दिवशी कंपनीचा फोन! “काका, खास तुमच्यासाठी ऑफर आहे.” इतकी वर्षे मुकाट पैसे भरत होतो, तेव्हा काका कुणाला आठवला नाही. जो निघाला त्याला सवलत आणि जो टिकला त्याला दरवाढ, हा कुठला व्यवहार? आमच्या गल्लीतला किराणावालासुद्धा जुन्या गिऱ्हाइकाला दोन रुपये सोडतो.

आता पावती घेऊन नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जायचे ठरवले आहे. मोबाइल कंपनीविरुद्धची तक्रार तिथे चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. माझ्याएवढ्या रकमेला फीसुद्धा नाही. ज्यांच्याकडे अशा पावत्या असतील त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. मुदत उलटली, असे कंपनीचे वकील म्हणतीलच. पण मुदत माझ्या आयुष्याची होती आणि मी अजून आहे.

– एक निवृत्त शिक्षक, पंचवटी, नाशिक