नावापुढची पेन्सिलीची खूण

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण त्यात राग फार उतरला, म्हणून फाडून टाकलं. आज शांतपणे लिहितोय. तालुकाध्यक्षांनी, निराधारांच्या दरमहाच्या मदतीचे अर्ज मंजूर करणाऱ्या संजय गांधी निराधार योजनेच्या समितीसाठी तुझं नाव पालकमंत्र्यांकडे पाठवलंय आणि "घेऊ की नको" असं तू विचारलंस. घे. हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं वाचून तुला वाटेल की मी मोडता घालतोय.

तुला कधी बोललो नाही, पण 2020 च्या सुरुवातीला माझंही नाव असंच पुढे आलं होतं. निवृत्त झाल्यापासून दर मंगळवारी मी तहसीलच्या आवारात लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज भरून द्यायचो, हे तू पाहिलंयस. तोवर चार वर्षं झाली होती. विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर आजाराची माणसं, कोणाचा कागद कुठल्या टेबलावर अडतो हे मला तोंडपाठ झालं होतं. सरकार बदललं होतं, जुनी समिती गेली होती, नवी व्हायची होती. चार लोक म्हणाले, गुरुजी, तुम्ही नाव द्या. मी माझी माहिती लिहून पक्षाच्या कार्यालयात गेलो.

तिथल्या गृहस्थांनी उठून खुर्ची दिली, चहा मागवला. कागदाची घडी न उघडताच विचारलं, "गुरुजी, इलेक्शनला कुठल्या बूथवर आपल्या टेबलावर बसला होतात?" मी म्हटलं, कुठंच नाही, रांगेत उभं राहून मत दिलं. मग ते थोडा वेळ गप्प झाले. म्हणाले, "तुमच्याबद्दल शंकाच नाही. पण दहा दहा वर्षं झेंडे लावलेली पोरं माझ्या दारात उभी आहेत. तिकीट सगळ्यांना मिळत नाही. महामंडळं वरच्यांची. मला द्यायला हेच आहे."

दत्ता, त्या माणसाचा मला राग आला नाही, अजूनही येत नाही. तो खरं बोलला. त्याचा कार्यकर्ता पाच वर्षं घरचं पेट्रोल घालून फिरतो, त्याला काहीतरी हवंच असतं. पण "द्यायला हेच आहे" या शब्दांनी मला झोप लागली नाही. ज्या जागेला पगार नाही ती जणू पक्षाची स्वतःची, कोणालाही वाटून टाकावी अशी. तिच्यावर बसणारा माणूस कोणाच्या चुलीवर निर्णय घेणार आहे, हे त्या खोलीत कोणाच्या मनातही आलं नाही.

तू त्या खुर्चीत बसणार आहेस, म्हणून हे नीट बघ. योजना 1980 पासूनची. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21,000 रुपये, म्हणजे दिवसाला 58 रुपयेसुद्धा होत नाहीत. अपंगांसाठी ती 50,000 आहे. अर्ज सेतू केंद्रात जातो, तलाठ्याचा अहवाल येतो, तहसीलदार समितीचे सचिव असतात आणि अशासकीय सदस्य पालकमंत्री नेमतात. सरकार गेलं की हे सदस्यही जातात. 2019 ला एकदा, 2022 ला पुन्हा. अर्जदार मात्र तीच बाई असते.

तशी एक बाई माझ्या लिंबाखाली आली होती, 2021 च्या ऑक्टोबरात. नवरा ऊसतोडीला कर्नाटकात गेला होता, तिकडेच वारला. पदरात दोन मुली. साडीच्या दुकानाची पिशवी तीन घड्या घालून छातीशी धरलेली. तिच्यातून तिने मृत्यूचा दाखला काढला, तर तो लॅमिनेट केलेला. फाटू नये म्हणून तिने मजुरीतून वीस रुपये दिले होते. दाखला कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. आतल्या टेबलावर सांगितलं, भाषांतर आणा. तेही केलं. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, आधार, पासबुक, सगळं जोडून अर्ज दाखल झाला. पोचपावतीही तिने लॅमिनेट करून आणली.

मग बैठक लागेना. अध्यक्षांना तारीख जमत नव्हती. जानेवारीत ठरलेली मार्चवर गेली, मार्चची पुढं. जूनमध्ये सरकार पडलं आणि समिती गेली. नवी नावं वर अडकली, कारण युतीत अध्यक्षपद कोणाचं आणि सदस्य कोणाचे हेच ठरत नव्हतं. तोवर तिच्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली. पुन्हा तलाठी, पुन्हा सेतू, दोन दिवसांची मजुरी बुडाली. शेवटी मार्च 2023 मध्ये तहसीलदारांच्या अधिकारात तिचं नाव मंजूर झालं. तेव्हा दोन मुली असल्यानं तिला महिना बाराशे रुपये होते, त्याच वर्षी दीड हजार झाले. पण मधले 17 महिने गेले ते गेलेच. थोरल्या मुलीची शाळा त्याच काळात सुटली. ती आता आईबरोबर कोयता घेऊन जाते.

पेन्सिलीचं सांगायचं राहिलं. समिती असतानाच मी एकदा चौकशीला गेलो होतो. कारकुनाने अर्जदारांची यादी टेबलावर उघडली. काही नावांपुढे पेन्सिलीने बारीक अक्षरं काढलेली, कुठं एक, कुठं दोन. मला वाटलं तपासणीची खूण असेल. तो हळूच म्हणाला, "ज्यांनी शिफारस केली त्यांची आद्याक्षरं, गुरुजी." त्या बाईच्या नावापुढे काही नव्हतं. तिच्यापुढे कोण अक्षर काढणार?

समितीत सगळेच वाईट होते असं मी म्हणणार नाही. त्याच पक्षाची एक तरुण कार्यकर्ती सदस्य होती. वस्त्यावस्त्यांवर जाऊन अर्ज आणायची, बैठकीत भांडायची. पक्षाची पावती फाडली म्हणून माणूस नालायक ठरत नाही. खुपतं ते इतकंच, की पहिला प्रश्न बूथच्या टेबलाचा असतो आणि कामाचा प्रश्न कोणी विचारतच नाही.

हे फक्त तहसीलपुरतं नाही. तुझा मुलगा राहतो त्या महापालिकेत स्वीकृत, म्हणजे निवडून न येता नेमलेले, नगरसेवक असतात ना? 74 व्या घटनादुरुस्तीने ती सोय केली ती नगरपालिका प्रशासनाचं विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्यांसाठी. त्यांना सभागृहात मताचा अधिकार नाही, बोलण्याचा आहे. राज्याच्या 2012 च्या नियमांत डॉक्टर, वकील, अभियंते लिहिलेत, आणि शेवटी नोंदणीकृत सामाजिक संस्थेचा पदाधिकारी. त्या शेवटच्या दारातून निवडणुकीत पडलेले उमेदवार आत शिरताना आपण दोघांनीही पाहिलेत. जागा पक्षांच्या संख्याबळावर वाटल्या की दुसरं काय होणार?

आणि उलट आठवण सांगतो. शिक्षण हक्क कायदा आला तेव्हा मी मुख्याध्यापक होतो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बायका, आणि निवड पालकसभेत सगळ्यांसमोर. आमच्या समितीची अध्यक्ष शेतमजूर बाई होती. खिचडीचा तांदूळ ती स्वतः पसाभर हातात घेऊन बघायची. एकदा किडे लागलेलं पोतं तिने परत पाठवलं. सरकारं बदलली, ती आपली मुदत संपेपर्यंत होती, कारण तिला वरून कोणी बसवलं नव्हतं. निराधार समितीची नावंही ग्रामसभांतून मागवली तर? माझं हे म्हणणं मी दोनदा लेखी दिलंय. पुन्हा देणार.

म्हणून तुला सांगतो, घे. तू नाही घेतलीस तर ती जागा रिकामी राहणार नाही, आणि तुझ्या मागच्याला अर्ज वाचायची सवय असेलच असं नाही. फक्त पहिल्याच बैठकीत दर महिन्याची तारीख ठरवून इतिवृत्तात लिहून घे, अध्यक्ष नसले तरी बैठक व्हावी असं. नामंजूर अर्जांची कारणं गावात वाचून दाखवा म्हणावं. आणि यादी समोर आली की आधी पेन्सिलीची अक्षरं बघ. असतील तर खोडरबर माग. पक्षातले रागावतील, तालुकाध्यक्ष तुला बोलावून घेतील. तेव्हा मला फोन कर, रात्र असली तरी.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याचं दुखणं आता बरं आहे, लिंबाखाली पुन्हा बसायला लागलोय. तुझ्या पहिल्या बैठकीची तारीख कळव. आदल्या दिवशीच्या शेवटच्या एसटीने येतो, रात्री दोघं मिळून सगळे अर्ज वाचून काढू.

तुझा,
वसंता