‘उस्ताद, वाचणारच नसेल तर?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रणांगणावरच्या दयामृत्यूविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख दोनदा वाचला. तडफडणाऱ्या जखमीला गोळी घालून सोडवणाऱ्या सैनिकाला खुनी म्हणू नये, कायद्यात त्याच्यापुरता अपवाद असावा, असं लेखकाचं म्हणणं. लेख कळवळ्याने लिहिलाय, त्याबद्दल शंका नाही. पण मी सैन्यात नर्सिंग असिस्टंट होतो, शेवटची काही वर्षं नव्या मुलांना प्रथमोपचार शिकवले, आणि हा अपवाद मला नको आहे.

दर बॅचमध्ये एक तरी मुलगा विचारायचाच. टूर्निकेट (रक्त थांबवायला आवळायचा पट्टा), ड्रेसिंग, स्ट्रेचर सगळं झालं, तास संपत आला, की मागून आवाज यायचा, "उस्ताद, वाचणारच नसेल तर?" वर्ग चिडीचूप. मी उलट विचारायचो, "वाचणार नाही हे तुला कोण म्हणालं?"

प्रश्न त्या मुलाचा नाही, फार जुना आहे. १५३७च्या सुमारास ट्युरिनच्या मोहिमेत आंब्रुआझ पारे नावाचा तरुण फ्रेंच शल्यविशारद घोडा बांधायला एका तबेल्यात शिरला. आत काही सैनिक मरून पडले होते आणि तिघे भिंतीला टेकून बसले होते. बंदुकीच्या दारूच्या भडक्याने चेहरे ओळखू येत नव्हते, दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं, अंगावरचे कपडे अजून धुमसत होते. एका म्हाताऱ्या शिपायाने विचारलं, हे बरे होतील का? पारे म्हणाला, नाही. म्हातारा पुढे झाला आणि कसलाही राग न करता, हलक्या हाताने त्याने तिघांचे गळे चिरले. पारे त्याला दुष्ट म्हणाला. त्यावर म्हाताऱ्याचं उत्तर असं की, माझी अशी गत झाली तर माझ्यासाठीही कोणीतरी हेच करो, अशी मी देवाकडे प्रार्थना करतो.

दयामृत्यूच्या बाजूने बोलणारे ही हकीकत इथेच थांबवतात. पण त्याच मोहिमेत पारेकडचं उकळतं तेल संपलं. बंदुकीच्या जखमेत विष असतं, ती तेलाने जाळलीच पाहिजे, असं तेव्हाचं शास्त्र होतं. नाइलाजाने त्याने अंड्याचा बलक, गुलाबाचं तेल आणि टर्पेंटाइन यांचा लेप लावला, आणि हे सकाळपर्यंत मरणार या धास्तीने रात्रभर झोपला नाही. सकाळी पाहतो तर लेपवाले शांत पडलेले आणि तेलवाले तापाने फणफणलेले, जखमा सुजलेल्या. ज्याच्या ‘नाही’वर तीन गळे चिरले गेले, त्याचंच शास्त्र त्याच मोहिमेत एका रात्रीत चुकीचं ठरलं. ते तिघे वाचले असते असं मी म्हणत नाही. बहुधा नसतेच वाचले. पण ‘वाचणार नाही’ हे वाक्य म्हणणारा त्या दिवशी, त्या उजेडात, हाताशी असलेल्या सामानावर म्हणत असतो, एवढं ध्यानात ठेवावं.

मे २००४मध्ये इराकमध्ये अमेरिकन कॅप्टन रोजेलियो मेन्युलेट याने गाडीच्या पाठलागात जबर जखमी झालेल्या चालकाला गोळ्या घातल्या. त्याच्या पथकातल्या मेडिकने हा वाचत नाही असं सांगितलं होतं. वरून ड्रोन हे सगळं टिपत होतं. पुढच्या वर्षी कोर्ट मार्शलने त्याला दोषी धरून सैन्यातून बडतर्फ केलं, तुरुंगात मात्र धाडलं नाही. हा खटला वाचताना माझं सगळं लक्ष त्या मेडिककडे होतं. गोळी कॅप्टनची, पण निदान आमच्या जातीच्या माणसाचं. आम्ही डॉक्टर नसतो. धुळीत गुडघे टेकून, गोळीबाराकडे एक कान ठेवून, घाईघाईने नाडी बघणारे लोक असतो.

कायद्याचं म्हणाल तर तो इथे मुळीच संदिग्ध नाही. १९४९च्या पहिल्या जिनिव्हा कराराचं १२वं कलम सांगतं की जखमीचा, मग तो कोणत्याही बाजूचा असो, आदर आणि संरक्षण झालंच पाहिजे. त्याला मारायचं नाही आणि जाणूनबुजून उपचाराविना टाकायचंही नाही. उपचारात आधी कोण, नंतर कोण, हे फक्त वैद्यकीय निकडीवर ठरवायचं. हेतू दयेचा असेल तर चालेल, असं कुठेही म्हटलेलं नाही. सातवं कलम तर मला फार शहाणं वाटतं. जखमीला या करारातले आपले हक्क स्वतःहूनसुद्धा सोडता येत नाहीत. म्हणजे शत्रूच्या हाती पडलेला जखमी ‘मला मारा’ म्हणाला, तरी मारणाऱ्याला त्या शब्दांची ढाल करता येत नाही.

हे निष्ठुर वाटेल, मलाही वाटायचं. पण मी ‘मारा मला’ म्हणणारे ऐकलेत. एकाचा सुरुंगात घोट्याखालचा पाय गेला होता. टूर्निकेट आवळेपर्यंत तो मला आईवरून शिव्या घालत मरण मागत होता. इंजेक्शन लागू पडल्यावर थोड्या वेळाने म्हणाला, "बूट नवा होता, उस्ताद." दत्ताजी शिंद्यांच्या तोंडचं म्हणून ‘बचेंगे तो और भी लडेंगे’ आपण पिढ्यानपिढ्या सांगत आलो, तेही जखमी होऊन पडलेल्या माणसाचंच वाक्य.

आता लेखातला कॅनडाचा दाखला. कॅप्टन रॉबर्ट सेम्राऊ याच्यावर ऑक्टोबर २००८मध्ये अफगाणिस्तानातल्या हेल्मंद प्रांतात जबर जखमी तालिबानीला गोळ्या घातल्याचा आरोप होता. प्रेत कधीच मिळालं नाही. २०१०मध्ये तो खुनाच्या आरोपातून सुटला, लज्जास्पद वर्तनाबद्दल दोषी ठरला, पद उतरवून त्याला सैन्याबाहेर काढलं, पण कैद नाही. लेखकाला यात अन्याय दिसतो. मला उलट दिसतं: नियम जागच्या जागी राहिला आणि माणूसही तुरुंगात सडला नाही. दया दाखवायची तर ती शिक्षा सुनावताना दाखवता येते, त्यासाठी कलम बदलावं लागत नाही.

शिवाय त्याच हेल्मंदमध्ये २०११साली ब्रिटिश मरीन सार्जंट अलेक्झांडर ब्लॅकमन याने जखमी तालिबानीला छातीत गोळी घातली. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात सगळं मुद्रित झालं, आपण आत्ताच जिनिव्हा करार मोडला, हे त्याचं स्वतःचं बोलणंही. खटल्यात तो म्हणाला, मला तो मेलेला वाटला. पुढे अपिलात मानसिक स्थितीचा विचार होऊन खुनाचा गुन्हा सदोष मनुष्यवधावर आला आणि २०१७मध्ये तो सुटला. यात दया औषधालाही नव्हती. पण लेखकाचा अपवाद तेव्हा कायद्यात असता, तर ‘मेलेला वाटला’ऐवजी ‘हाल बघवेनात’ एवढंच म्हणायचं होतं.

एका जागी मात्र मी अडतो, ते लपवत नाही. मे १९४४, ब्रह्मदेश. ‘ब्लॅकपूल’ नावाचं चिंडिटांचं, म्हणजे जपान्यांच्या पिछाडीला घुसून लढणाऱ्या ब्रिटिश फौजेच्या तुकड्यांचं, ठाणं जपान्यांनी मोडत आणलं होतं. पाऊस, चिखल, दारूगोळा संपलेला, उरलेल्यांच्या अंगात त्राण नाही. उचलून नेता येतील त्याहून जास्त जखमी. डॉक्टरने जॉन मास्टर्स या अधिकाऱ्याला आशा संपलेले जखमी दाखवले. एकोणीस जण. त्याच्या हुकमाने त्यांना गोळ्या घातल्या गेल्या आणि बाकीचे निघाले. हे त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवलं. खटला झाला नाही. मी तिथे असतो तर काय केलं असतं, हे मला आजही ठाऊक नाही. पण मास्टर्सने तरी कुठे अपवाद मागितला? केलं, आणि नावानिशी सांगितलं. आणखी एक खटकतं. कोर्टात पोचलेल्या या खटल्यांतला मेलेला माणूस शत्रूकडचा होता. आपल्याच माणसांवर केलेली दया बहुतेक कोर्टापर्यंत येतच नाही.

मग करायचं काय? दुसऱ्या महायुद्धात मॉर्फिनच्या एकदाच वापरायच्या छोट्या ट्यूब असत. टोचून झाली की रिकामी ट्यूब जखमीच्या कॉलरला अडकवायची, कपाळावर ‘एम’ लिहायचा. कारण गारठलेल्या, रक्त गेलेल्या माणसाला टोचलेलं औषध लवकर रक्तात उतरत नाही. वेदना थांबेना म्हणून कोणी दुसरा डोस द्यायचा, आणि अंगात ऊब आली की दोन्ही एकदम उतरून श्वास बंद. मी मुलांच्या हातात मार्कर द्यायचो आणि शेजाऱ्याच्या कपाळावर वेळ लिहायला लावायचो. हसायची पोरं. तो प्रश्न विचारणारा हसायचा नाही.

लेखकाला एकच विनंती. त्या अपवादाचं कलम एकदा कागदावर लिहून काढावं. ‘वाचणार नाही अशी खात्री झाल्यास’. खात्री कोणाची, आणि टॉर्चही लावता येत नाही अशा रात्री ती किती मिनिटांत करायची? ‘जखमीने तशी विनंती केल्यास’. तो शत्रूकडचा, त्याची भाषा आपल्याला येत नाही. त्याने पाणी मागितलं की मरण, हे कोण ठरवणार? मसुदा जमला तर आपण तो जरूर छापावा.

आपला,
एक निवृत्त नर्सिंग असिस्टंट
(कृपया नाव-पत्ता प्रसिद्ध करू नये.)