व्याह्यांकडे पानावर बसण्याआधी

कोलकाता

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही पोहोचाल त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, व्याह्यांकडे दुपारचं जेवण ठरलंय. फोनवर आईने विचारलं, "तिथे मी काय खाऊ?" आणि बाबांनी, "हिलसा असेल ना?" दोन्हींची उत्तरं फोनवर मावणारी नाहीत, म्हणून लिहितो.

आपल्याकडे मीठ-लिंबापासून आमटीपर्यंत पान वाढून झालं की मग पहिला घास. तिथे ताट जवळजवळ रिकामं समोर येईल: भाताची मूद, मीठ, लिंबाची फोड, हिरवी मिरची, झालंच तर भातावर चमचाभर तूप. वाढायचं विसरले असं समजू नका. पदार्थ एकेक करून येतात आणि एकेक करूनच संपवायचे असतात. आधी कडू (बहुधा शुक्तो, म्हणजे कारलं घातलेली मिश्र भाजी), मग पालेभाजी, मग डाळ आणि तिच्यासोबत काहीतरी तळलेलं (याला भाजा म्हणतात, वांग्याचे जाड काप, बटाट्याच्या काड्या, परवल), मग भाजी, मग मासा, असलं तर मटण, त्यानंतर आंबटगोड चाटनी आणि पापड, शेवटी दही-मिठाई. हल्ली वाढणाऱ्याची धावपळ वाचावी म्हणून वाट्या ताटाभोवती एकदम मांडतात, पण खायचा क्रम बदलत नाही. चव सौम्याकडून तिखटाकडे चढत जाते. मोहरीतला मासा आधी खाल्ला तर नंतर शुक्तोची चव लागणारच नाही.

म्हणून बाबा, आमटीभातात भाजी कालवायची सवय त्या दिवशी बाजूला ठेवा. प्रत्येक पदार्थाला दोन-तीन घासांपुरता भात वेगळा ओढून घ्यायचा. पहिल्याच वाटीवर निम्मी मूद संपवली की माशापर्यंत पोट भरलेलं असतं, आणि इथे नवख्या पाहुण्यांचं हमखास हेच होतं. चाटनी पण आपल्यासारखी तोंडी लावायची नाही. टोमॅटो-खजुराची किंवा कच्च्या कैरीची, चांगली गोड असते आणि जेवणाच्या शेवटीच खातात.

आई, आता तुझं. "मी व्हेजिटेरियन आहे" म्हणू नकोस, "निरामिष" म्हण. पहिल्या शब्दावर इथे काही घरांत मटण बाजूला राहतं आणि मासा येतो. निरामिष म्हटलं की मासा, मटण, अंडं, कांदा, लसूण सगळंच जातं. जुन्या वळणाच्या घरांत मसूर डाळसुद्धा जाते, कारण ती आमिषात धरतात. तुझ्या गळ्यातली तुळशीची माळ तर न बोलता काम करेल. बंगालचे वैष्णव तशीच माळ घालतात, तिला कंठी म्हणतात. चैतन्य महाप्रभू (1486–1534) पंढरपूरला येऊन गेल्याचं त्यांच्या चरित्रात सांगितलंय, तेव्हा विहीणबाईंशी बोलायला विषय मिळालाच.

तरी काही पदार्थ विचारल्याशिवाय घेऊ नकोस. मुगाच्या डाळीत माशाचं डोकं फोडून घालायची पद्धत आहे. पातळ डाळीत ते पटकन दिसत नाही. दुधीच्या भाजीत कोळंबी असते (लाउ-चिंगडी). कोबीत माशाचं डोकं असू शकतं. छ्याँचडा नावाची पालेभाजी दिसते अगदी आपल्या मिश्र भाजीसारखी, पण तिच्यात माशाचे काटे-डोकी असतात. "एटा निरामिष तो?" एवढं विचारलंस की पुरे, कोणी वाईट वाटून घेत नाही.

तुझ्यासाठी बहुतेक मोचार घंटो असेल, म्हणजे आपलं केळफूल. निवडायची कटकट तीच: प्रत्येक फुलातली काडेपेटीच्या काडीसारखी ताठ दांडी आणि पातळ पारदर्शक पापुद्रा काढायचा, हळदीच्या पाण्यात बुडवून ठेवायचं. नाहीतर धोकार डालना मिळेल. वाटलेल्या हरभरा डाळीचे तळलेले तुकडे, आल्या-जिऱ्याच्या रश्शात. वाटण कढईच्या कडा सोडेपर्यंत परतून आटवलं नाही तर हे तुकडे रश्शात विरघळतात, म्हणून ते अख्खे आले तर आवर्जून कौतुक कर. हे सगळं इतकं नाजूक, बिनकांद्याचं जेवण मोठ्या प्रमाणात बंगालच्या विधवांनी घडवलंय. ताटातून मासा, कांदा, लसूण, मसूर काढून घेतल्यावर उरलं त्यातून. चव घेताना मला त्याचा थोडा रागच येतो, पण चव आहेच.

शुक्तोची कृती तू विचारणारच, म्हणून आत्ताच लिहितो. चार माणसांना: दोन लहान कारली, एक कच्चं केळं, एक लहान रताळं, एक शेवग्याची शेंग, अर्धं वांगं, मूठभर कच्च्या पपईच्या फोडी, आठ-दहा उडदाच्या बोडी (आपल्या सांडग्यांच्या जवळच्या). सगळं बोटाएवढ्या लांब फोडींत. मोहरीच्या तेलात आधी बोडी, मग कारली कुरकुरीत तळून बाजूला काढायची. त्याच तेलात तमालपत्र आणि अर्धा चमचा पाँचफोडोन: मेथी, कलौंजी, जिरं, बडीशेप आणि मोहरी किंवा राँधुनी. राँधुनी म्हणजे ओव्यासारखं दिसणारं, त्याहून उग्र वासाचं बी, तुम्ही परत निघताना देईन. मग कडक भाज्या आधी, वांगं नंतर, आल्याचं वाटण एक चमचा, मीठ, पाणी. शिजत आलं की मोहरीचं वाटण एक चमचा, अर्धी वाटी दूध, चिमूटभर साखर, वरून तूप. हळद नाही, तिखट नाही; रंग पांढुरकाच हवा. बिघडतं तीन ठिकाणी. कारली सुरुवातीपासून रश्शात शिजवली तर सगळा रस्सा कडू होतो, ती शेवटच्या पाच मिनिटांत घालायची. मोठ्या आचेवर दूध ओतलं की फाटतं. आणि तेल धूर येईपर्यंत तापवलं नाही तर त्याचा कच्चा, नाकात जाणारा वास शेवटपर्यंत जात नाही. शुक्तो दुपारचंच, रात्री करत नाहीत.

बाबा, हिलसा म्हणजे इथला इलिश, तुमच्या भिंगाच्या कुळातला. पावसाळ्यात समुद्रातून नदीत वर चढतो तेव्हाच तो खरा. सुरमईच्या एका मधल्या काट्याची सवय असलेल्या माणसाने इलिश घाईने खाऊ नये. तुकडे दोन प्रकारचे: पाठीकडचा गादा, त्यात केसासारखे दुफाट्याचे काटे, पोटाकडचा पेटी, त्यात लांब, मोजके, सहज निघणारे काटे आणि भरपूर तेल. "पेटी दिन" म्हणा. पाहुण्याला बहुधा पेटीच देतात, पण रुई-कातला (रोहू आणि कटला) माशाचं डोकं, मुडो, मानाच्या माणसाला वाढतात. ते तुमच्या ताटात आलं तर घाबरू नका. कवटी फोडून चोखायची असते. जमत नसेल तर सरळ त्यांच्या जावयाकडे, म्हणजे माझ्याकडे, सरकवा.

इलिश हातानेच खायचा. लिंबाएवढा तुकडा मोडून बोटांनी चाचपायचा, थोड्याशाच भाताबरोबर तोंडात, आणि जिभेला काटा लागला की तो पुढे आणून काढायचा. बोलत बोलत नाही. अडकलाच तर कोणीतरी कोरड्या भाताचा गोळा गिळायला सांगेल. गिळू नका, काटा आणखी खोल रुतू शकतो. खोकून निघाला नाही आणि टोचत राहिला तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे जाऊ, पाच मिनिटांवर आहेत.

मोहरीतला इलिश करायची पद्धत सोपी आहे, सांभाळायची मोहरी. चार तुकड्यांना दोन मोठे चमचे मोहरी, निम्मी काळी निम्मी पिवळी, अर्धा तास भिजवून मीठ आणि दोन हिरव्या मिरच्यांबरोबर वाटायची. फार वेळ घोटली किंवा साल गाळून काढली नाही तर कडवट होते. वर कच्चं मोहरीचं तेल आणि वाफेवर दहा-बारा मिनिटं. मासा कापल्यावर खळखळून धूत नाहीत, चरबी आणि वास निघून जातो म्हणतात. गाभोळी भरलेल्या माशात तेल कमी असतं, हे इथला प्रत्येक जण बाजारात सांगतो आणि तरी गाभोळीसाठी भांडतो.

कोळंबी आणि इलिश दोन्ही येतील, कारण सासरेबुवा बांगाल, म्हणजे मूळ पूर्व बंगालचे, आणि सासूबाई घोटी, इकडच्या. बांगाल म्हणतात घोटी डाळीतही साखर घालतात. घोटी म्हणतात बांगालांना मिरचीशिवाय काही कळत नाही. फुटबॉलही तसाच वाटलेला: मोहनबागान (1889) घोटींचा, ईस्ट बेंगॉल (1920) बांगालांचा. जिंकल्यावर अनुक्रमे कोळंबी आणि इलिश. कोणती बाजू, असं विचारलं तर बाबा, हसा. रसगुल्ला ओडिशाचा की बंगालचा, हा विषय तर काढूच नका.

साखरेचं मात्र सांभाळा. डाळ, चाटनी, दही, संदेश (छेन्याची मिठाई), सगळीकडे आहे. जेवण दोनच्या आत सुरू होणार नाही आणि रात्रीचं दहाला, तेव्हा गोळ्यांच्या वेळा धरून अकराला आणि संध्याकाळी सातला काहीतरी खाऊन घ्या. मुडी म्हणजे चुरमुरे घरात असतातच. परत नेण्यासाठी संदेश घ्यायचा तर कडा पाकचा, तो प्रवासात टिकतो. नरम पाकचा त्याच दिवशी संपवायचा. पावसाळ्यात कोणी ताज्या नोलेन गुडाचा संदेश म्हणून दिला तर विश्वास ठेवू नका, तो खजुरीचा गूळ हिवाळ्यातला.

उष्ट्या-खरकट्याचे नियम आपल्यासारखेच आहेत, शब्द एंटो आणि शोकडी. उष्ट्या हाताने वाढपाच्या चमच्याला हात लावायचा नाही, पाण्याचा पेला डाव्या हाताने. "आर ना" म्हणून ताटावर हात आडवा धरल्याशिवाय वाढणं थांबत नाही. तेही एकदा धरून भागत नाही.

ते तुम्हाला बेयाई आणि बेयान म्हणतील, म्हणजे व्याही आणि विहीणच. "आपनि" म्हणून बोलतील. सून बाबांना "तुमि" म्हणते ते ऐकायला "तुम्ही" वाटतं, पण ते तू आणि तुम्ही यांच्या मधलं आहे. आई-वडिलांना इथे तेच म्हणतात. "जल खाबेन?" म्हणजे पाणी पिणार का. इथे पाणी, चहा, सिगरेट सगळं खातात.

निघताना "जाच्छि" म्हणायचं नाही, "आशछि", आपलं "येतो". दारात कोणीतरी "दुग्गा दुग्गा" पुटपुटेल, तो प्रवास सुखाचा होवो म्हणून दुर्गेचा धावा. येताना बाकरवडी दोन किलो आणा, एक किलो पहिल्या तासात संपते. आणि इथे प्रत्येकाला बाहेरच्या नावाशिवाय एक डाकनाम असतं, ते एकदा कळलं की गल्लीभर होतं. तेव्हा खालचं नाव तिथे सांगू नका.

तुमचा,
गोट्या