रेल्वेमंत्र्यांना खुले पत्र: आबांचे नाव कोणत्या तिकिटावर लिहायचे?

प्रति,
माननीय रेल्वेमंत्री, भारत सरकार,
रेल भवन, नवी दिल्ली.

विषय: कुटुंबासह एकाच तिकिटावर प्रवास करणाऱ्या ज्येष्ठांना खालच्या बर्थचा राखीव कोटा लागू करण्याबाबत.

महोदय,

मी कोल्हापूरची रहिवासी असून, म्हातारे सासू-सासरे आणि दोन लहान मुले यांना घेऊन रात्रीच्या स्लीपर डब्यातून प्रवास करणारी एक गृहिणी आहे. आरक्षणाच्या एका नियमाकडे आपले लक्ष वेधावे, एवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे. त्या नियमामुळे माझ्यासारख्या कुटुंबांची प्रत्येक प्रवासात ओढाताण होते, आणि तो बदलण्यासाठी नवे डबे किंवा नव्या गाड्या लागणार नाहीत, असे मला मनापासून वाटते.

कोल्हापूर हे लोहमार्गाचे टोक आहे. संस्थानाच्या काळात, 1891 साली, कोल्हापूर-मिरज मार्ग सुरू झाला आणि तेव्हापासून आमचे लांबचे प्रवास याच स्थानकातून सुरू होतात. मुंबई इथून रेल्वेने पाचशे किलोमीटरहून दूर आहे, त्यामुळे उपचारांसाठी, न्यायालयाच्या कामासाठी किंवा मुलांच्या परीक्षांसाठी जाणारी माणसे महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी पोहोचतात. तिरुपतीला हरिप्रिया जाते (हरिप्रिया हे लक्ष्मीचेच नाव, त्यामुळे अंबाबाईच्या गावाहून बालाजीकडे जाणाऱ्या गाडीला ते फार शोभते), आणि महाराष्ट्र एक्सप्रेस राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गोंदियापर्यंत पोहोचते. यांतला कोणताही प्रवास आमच्याकडे सहसा एकटा माणूस करत नाही. आजी-आजोबा, नातवंडे, दशम्यांचा डबा, शेंगदाण्याची चटणी, पाण्याचा कॅन असे सगळे घरच निघते. छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर गाडी इथूनच सुटायची असल्याने फलाटावर बराच वेळ उभी असते आणि म्हाताऱ्या माणसांना सावकाश हात धरून चढवता येते. अडचण सुरू होते ती डब्यात शिरल्यावर.

माझे सासरे, ज्यांना आम्ही घरी आबा म्हणतो, 74 वर्षांचे आहेत आणि सासूबाई 68 वर्षांच्या. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. गेल्या वर्षी नात्यातल्या एका लग्नासाठी आम्ही सगळ्यांचे एकच तिकीट काढले होते. मुलाला पाच वर्षांखालील म्हणून बर्थ नव्हता. बाकी पाच जणांना एका डब्यात एक मिडल, एक अप्पर व एक साइड अप्पर, आणि तीन डबे पलीकडे दोन अप्पर असे बर्थ मिळाले. आबांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. त्यांनी मिडल बर्थची साखळी एका हाताने धरली, डावा पाय खालच्या बर्थच्या कडेवर ठेवला आणि उजवा पाय उचलण्यासाठी दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा त्यांनी साखळी सोडली आणि काही न बोलता ते खाली बसले. समोरच्या लोअर बर्थवर परीक्षेला निघालेला एक महाविद्यालयीन मुलगा होता. त्याने न मागता आपला बर्थ त्यांना दिला आणि स्वतः वर चढला. सासूबाई मात्र दहा वाजेपर्यंत एका अनोळखी बाईंच्या पायथ्याशी अंग चोरून बसल्या, कारण रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत खालचा बर्थ ज्याचा त्याला झोपण्यासाठी मोकळा करून द्यावाच लागतो, आणि तो नियम योग्यच आहे.

त्या मुलाचा मोठेपणा मी विसरणार नाही. परंतु तो त्याचा मोठेपणा होता, रेल्वेची व्यवस्था नव्हे. एकट्या प्रवास करणाऱ्या एखाद्या बाईने मुद्दाम लोअर बर्थ निवडला असेल, तर तिच्यापुढे उभे राहून आमच्या म्हाताऱ्यांसाठी तो मागण्याचा मला काय अधिकार आहे? तिनेही पैसे भरलेले आहेत. तरीही दर प्रवासात मला हे करावे लागते, आणि दर वेळी मान खाली घालून करावे लागते.

परत आल्यावर मी नियम नीट वाचले. 60 वर्षांवरील पुरुष, 45 वर्षांवरील स्त्रिया आणि गरोदर महिला यांच्यासाठी प्रत्येक स्लीपर डब्यात सहा ते सात खालचे बर्थ राखून ठेवलेले आहेत. ही चांगली तरतूद आहे. परंतु हा कोटा मिळतो तो अशी व्यक्ती एकटी प्रवास करत असेल तर, किंवा निकषात बसणाऱ्या दोघांचेच तिकीट असेल तर. त्याच तिकिटावर मुलगा, सून किंवा नातवंड यांचे नाव आले की संगणक त्या कोट्याचा विचारच करत नाही. म्हणजे आबा आमच्याबरोबर निघाले म्हणून त्यांचे वय कमी झाल्यासारखे धरले जाते.

म्हणून पुढच्या प्रवासात मी दोन तिकिटे काढली. आबा आणि सासूबाईंचे वेगळे, आमचे वेगळे. त्या दोघांना लगेच समोरासमोरचे दोन लोअर मिळाले, एस-1 मध्ये. आम्हाला जागा मिळाली एस-8 मध्ये. आबांना मधुमेह आहे, रात्री दोन-तीनदा उठावे लागते, आणि अंधारात चालत्या गाडीत त्यांना धरायला कोणीतरी लागते. त्यामुळे माझे पती आपला बर्थ सोडून एस-1 मध्ये, आई-वडिलांच्या दोन बर्थच्या मधल्या जागेत चादर अंथरून पहाटेपर्यंत बसले. इकडे मी मुलाला घेऊन अप्पर बर्थवर होते. ओढणीचे एक टोक त्याच्या कमरेला आणि दुसरे माझ्या मनगटाला बांधले होते, कारण झोपेत तो लोळतो आणि त्या बर्थला कडेने पुरेसा आधार नसतो. मुलगी समोरच्या मिडल बर्थवर होती, आणि तिच्या खाली-वर सगळे अनोळखी. ती रात्रभर दर थोड्या वेळाने "आई, आहेस ना?" असे विचारत राहिली.

एकत्र तिकीट काढावे तर म्हातारी माणसे वरच्या बर्थवर, आणि वेगळे काढावे तर ती सात डबे दूर. अशी निवड कोणत्याही घरावर येऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

महोदय, मी राखीव बर्थची संख्या वाढवायला सांगत नाही. 72 बर्थच्या स्लीपर डब्यात नऊ कप्पे असतात, म्हणजे खालचे बर्थ अठरा आणि साइड लोअर नऊ. त्यांतल्या काही साइड लोअरवरही आरएसीचे, म्हणजे बसण्यापुरतीच जागा मिळालेले, दोन-दोन प्रवासी बसलेले असतात. जागा किती कमी आहे हे मला कळते. माझी विनंती इतकीच आहे, की जे सहा-सात बर्थ ज्येष्ठांसाठी आधीच राखलेले आहेत, ते कुटुंबाच्या तिकिटावरील ज्येष्ठांनाही खुले करावेत. एका ज्येष्ठामागे एकच खालचा बर्थ द्यावा आणि उरलेल्यांना शक्यतो त्याच कप्प्यात, निदान त्याच डब्यात जागा द्यावी. एका आजोबांचे नाव घालून लोक सहा जणांसाठी खालचे बर्थ मिळवतील, अशी शंका कोणी घेईल. परंतु बर्थ ज्येष्ठाच्याच नावावर असेल आणि ते आलेच नाहीत, तर टीसींच्या हातातल्या यंत्रावरून तो बर्थ तिथेच दुसऱ्या ज्येष्ठाला देता येईल. गाडी सुटल्यावर मोकळा राहिलेला खालचा बर्थ वरच्या बर्थवरील वृद्ध, अपंग किंवा गरोदर प्रवाशाला देण्याची मुभा आजही आहेच.

तिकीट काढताना किमान एक लोअर बर्थ मिळाला तरच आरक्षण करावे, असा पर्याय मिळतो, याची मला कल्पना आहे. परंतु गर्दीच्या दिवसांत तो निवडला की तिकीटच निघत नाही, आणि तो बर्थ तिकिटावरील कोणाच्या वाट्याला येईल हेही त्यातून ठरत नाही.

मुलांबद्दलही दोन वाक्ये लिहिते. एप्रिल 2016 पासून पाच ते बारा वर्षांच्या मुलाला बर्थ हवा असल्यास पूर्ण भाडे द्यावे लागते. ते आम्ही देतो. मग पूर्ण भाडे भरलेल्या नऊ वर्षांच्या मुलीचा बर्थ तिच्या आईच्या किंवा वडिलांच्या बर्थजवळच असावा, ही अट संगणकाला घालणे अवघड नसावे. आणि मे 2022 मध्ये लखनौ मेलमध्ये लोअर बर्थला जोडून तान्ह्या बाळासाठी छोटा बर्थ बसवून पाहिला होता, तेव्हा ते छायाचित्र मी सासूबाईंना मोठ्या आशेने दाखवले होते. तो प्रयोग इतर गाड्यांपर्यंत यावा, अशी अनेक आयांची इच्छा आहे.

ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च 2020 पासून बंद आहे. त्याविषयी अनेकांनी आपल्याला लिहिले असेल, म्हणून मी इथे त्यात जात नाही. आबा पूर्ण भाडे भरायला तयार आहेत. त्यांना फक्त खाली झोपायचे आहे, आणि नातवंडे दिसतील इतक्या अंतरावर झोपायचे आहे.

मे महिन्यात आम्हाला पुन्हा सगळ्यांना घेऊन निघायचे आहे. आरक्षण आता साठ दिवस आधी खुले होते, म्हणजे मार्चमध्ये मी सकाळी आठ वाजता तिकीट काढायला बसेन. आबांचे आणि सासूबाईंचे नाव आमच्याच तिकिटावर लिहिता यावे, यासाठी त्याआधी हा नियम बदलावा, ही आपल्याला कळकळीची विनंती.

आपली विश्वासू,
कुटुंबासह प्रवास करणारी एक प्रवासी,
कोल्हापूर.