फॉरमॅट मारण्याआधी

सोलापूर,
रविवार, रात्री

प्रिय दोस्ता,

तुझा फोन ठेवला तेव्हापासून चैन नाही. "कॉम्प्युटर सारखा निळा स्क्रीन दाखवून बंद पडतोय, शनिवारी सरळ फॉरमॅट मारतो" म्हणालास, म्हणून आत्ताच लिहायला बसलो. जरा थांब. मी तेच केलं होतं.

एप्रिलात कारखान्यातल्या डिझाइनच्या कॉम्प्युटरचं सुरू झालं. चालता चालता निळा स्क्रीन यायचा आणि मशीन आपोआप पुन्हा सुरू व्हायचं. आपल्याकडचं ऊन तुला ठाऊक आहे, पारा ४० च्या वर. सगळे म्हणाले, तापतंय. पंखा बदलला, मग एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, बदलला. पण ते भर दुपारी जसं पडायचं तसंच पहाटेच्या गारव्यातही पडायचं, हे माझ्या ध्यानात यायला तीन आठवडे गेले. शेवटी विंडोज नव्यानं टाकायला घेतलं, तर तेही फाइली कॉपी होताना अडकलं.

खरी खूण समोरच होती. निळ्या स्क्रीनवर दर वेळी कारण वेगळं: कधी मेमरी मॅनेजमेंट, कधी पेज फॉल्ट, कधी भलत्याच ड्रायव्हर प्रोग्रॅमचं नाव. ड्रायव्हर बिघडला असेल तर बहुधा तेच ते नाव येतं. रॅम म्हणजे कॉम्प्युटरची चालू कामापुरती मेमरी, तिच्यातली एखादी जागा खराब असली की तिथं त्या घडीला जे येऊन बसेल ते नासतं, म्हणून रोज नवा आरोपी. तुझ्याकडेही असंच होतंय ना?

विंडोजमधल्या मेमरी तपासणीनं मला 'दोष नाही' सांगितलं होतं, तिच्यावर विसंबू नकोस. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर टाक, त्यावरून मशीन सुरू कर आणि रात्रभर चालू दे. रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी बायॉसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, चालू असेल तर आधी बंद कर, कधी कधी तेवढ्यानंच भागतं. माझ्याकडे चाळीस मिनिटांत चुकांच्या लाल ओळी आल्या. लिहिलेलं आणि वाचलेलं यात एका बिटाचा, म्हणजे माहितीच्या सगळ्यात बारीक कणाचा, फरक, आणि दर वेळी तोच बिट. एक जरी लाल ओळ दिसली तरी चालवून घ्यायचं नाही.

मग वायर काढून, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून, रॅमच्या दोन्ही स्टिक बाहेर काढल्या. आपल्या भागात सुताची धूळ कुठं शिरत नाही! सोनेरी पट्ट्या खोडरबरानं पुसल्या. दोन दिवस बरं चाललं, तिसऱ्या दिवशी पुन्हा निळा. तेव्हा एकेक स्टिक वेगळी तपासली. एक रात्रभर स्वच्छ. दुसरी कुठल्याही स्लॉटमध्ये घाला, लाल. दोष स्टिकच्या मागे फिरला म्हणजे रॅम गेली. तोच दोष चांगल्या स्टिकलाही एका ठराविक स्लॉटमध्ये आला असता, तर मदरबोर्डवर संशय घ्यावा लागला असता. तुझं बिल शोधून ठेव. रॅमवर बऱ्याचदा लांब मुदतीची वॉरंटी असते.

पण हे पत्र मी त्यासाठी लिहीत नाहीये. बाबांनी ग्राफवर रंगवलेला मोर आठवतो? चादरीचा? तो मी त्याच दिवसांत नक्षी विणणाऱ्या जकार्डसाठी कॉम्प्युटरवर उतरवत होतो. नमुना विणून आला तेव्हा बाबांनी चष्मा न लावताच मानेवर बोट ठेवलं. निळ्यात एक पांढरा ठिपका. ग्राफवर तो नव्हता, मी काढला नव्हता. रॅमनं फाइल सेव्ह होताना नासवली असणार, आणि मशीननं एका शब्दानं सांगितलं नाही. त्या दीड महिन्यातली प्रत्येक फाइल मी आता मूळ कागदाशी लावून पाहतोय. अजून अकरा उरल्यात.

म्हणून हात जोडून सांगतो, तपासणी होईपर्यंत त्या मशीनवर काही सेव्ह करू नकोस. जुन्या बॅकअपवर नवा तर मुळीच चढवू नकोस. वहिनींचे फोटो त्यातच आहेत म्हणालास ना, मग ती हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोड आणि तिथून कॉपी कर.

लाल ओळ दिसली की रात्री कितीही वाजले असोत, फोन कर. गड्ड्याच्या जत्रेला येशील तेव्हा चांगली स्टिक घेऊन ये, आपण दोघं बसून लावू. आई शेंगाचटणी बांधून ठेवते.

तुझाच,
जुना बाकावरचा सोबती