बिननावाचं फिनेल आणि आमची भुरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घटस्थापना तोंडावर आली आणि आमच्या लातूरकडं घरोघर दसरा काढणं सुरू झालं. गोधड्या धुऊन गच्चीवर पडल्यात, मांडणीवरची पितळी भांडी खाली उतरलीत, आणि गल्लीत सकाळपासून 'फिनेऽल, ॲसिऽड' ही आरोळी. दोन वर्षांमागं याच गडबडीत आमची भुरी मरता मरता वाचली, म्हणून हे पत्र.

भुरी म्हणजे आमची राखाडी मांजर. तिला ब्लीचिंग पावडरच्या वासाचं भलतंच वेड. हौद धुवायला मी टीसीएल पावडर कालवली की ही जिथं असेल तिथून धावत येणार. ज्या फडक्यानं हौद पुसला त्यावर हनुवटी घासणार, लोळण घेणार, डोळे अर्धे मिटून लाळ गाळणार. परसातलं खोकलीचं रोप उपटलं की त्याच्या मुळाशी मांजरं बेभान होतात ना, अगदी तसंच. नातवानं व्हिडिओ काढून सगळ्या पाहुण्यांत फिरवला, आम्हीही पोट धरून हसलो. शेजारचा बोका मात्र त्याच वासानं शेपूट फुगवून पळतो.

जाणकार म्हणतात, क्लोरीनच्या वासात मांजराला दुसऱ्या मांजराच्या मुताची ओळख पटत असावी. मांजराच्या टाळूत, वरच्या दातांमागं, वास चाखायचं एक वेगळंच इंद्रिय असतं. तोंड अर्धवट उघडं, वरचा ओठ ओढलेला, असं ते हसल्यासारखं दिसतं तेव्हा वास तिकडं ओढून घेत असतं. त्यामुळं कोपऱ्यात मांजर मुतलं की तिथं ब्लीच ओतायची आपली रीत उलटच पडते. तिला वाटतं दुसरं कुणी येऊन हद्द आखून गेलं, की ही पुन्हा तिथंच. शिवाय मुतातला अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की घसा धरणारा वायू होतो, तो माणसालाही बाधतो. संडासचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र ओतणाऱ्यांना तर हात जोडून सांगते, तसं करू नका, त्यातून थेट क्लोरीन सुटतो.

पण आमच्या घरी घात झाला तो ब्लीचनं नाही, फिनेलनं. आणि भुरीनं ते वासाच्या ओढीनं चाटलं असंही नाही. आमच्याकडं नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी. डेंगीच्या भीतीनं पिंप, हौद, घागरी सगळं झाकून ठेवलेलं. तिची पाण्याची वाटी मीच दसऱ्याच्या भांड्यांत घासायला घेतली होती. घरात उघडं पाणी एवढंच, फरशी पुसायची बादली. त्या बादलीत तिनं तोंड घातलं का, ते कुणी पाहिलं नाही. ओल्या फरशीवरून मात्र ती दोन-चारदा गेली आणि मग उन्हात बसून निवांत पंजे चाटत होती, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मांजर स्वच्छतेचं वेडं, पायाला लागलेलं सगळं पोटात घेतं. फिनेल टाकून पुसलं की साध्या पाण्याचा एक हात फिरवावा, हे मलाही ठाऊक आहे. पण 2016 साली ज्या गावानं मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालं, तिथल्या बाईचा हात दुसरी बादली भरताना आखडतो.

संध्याकाळपर्यंत काही नाही. रात्री लाळेच्या तारा लागल्या. दूध पुढं केलं तर वास घेऊन मान फिरवली. सकाळी जबडा उघडून बघितला तर जिभेची कड लालभडक, टोकाला साल निघालेली. कुणी म्हणालं मिठाचं पाणी पाजून ओकवा, कुणी तूप सांगितलं. एका शेजारणीनं अंग तापलंय म्हणून पॅरासिटामॉलची अर्धी गोळी आणून दिली. नशीब, ती द्यायच्या आधी आम्ही दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी आधी ती गोळी हातातून काढून घेतली. माणसाचं यकृत फिनॉलसारखी रसायनं ज्या विकराच्या (एन्झाइमच्या) आधारानं निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकतं, ते विकर मांजरात जवळपास नसतंच. त्याचा जनुक आहे, पण निकामी. पॅरासिटामॉलचंही तेच, म्हणून एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. ओकवायचंही नाही. जे जाताना घसा भाजून गेलं ते येताना पुन्हा भाजतं, आणि बळंच पाजलेलं फुप्फुसात उतरतं. घरी करण्यासारखं एवढंच, की पंजे आणि अंग साध्या पाण्यानं धुवायचं, तिला चाटू द्यायचं नाही आणि लगेच निघायचं.

मग त्यांनी विचारलं, "कोणतं फिनेल? काळं का पांढरं? बाटली आणलीय?"

बाटली मी पिशवीत घालून नेली होती. शीतपेयाची, दोन लिटरची, लेबल खरवडून काढलेली. काळ्या फिनेलात डांबरातून काढलेली फिनॉलच्या जातीची रसायनं, पांढऱ्यात बहुतेक पाईनचं तेल, आणि हल्ली काही फरशीच्या औषधांत बेंझाल्कोनियम क्लोराईड, ज्यानं मांजराची जीभ अशीच सोलवटते. मी म्हणाले, पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होतं. ते म्हणाले, "बाई, काळं फिनेलही तसं होतं आणि पांढरंही." बाटलीतला माल संपलेला, आत नुसता वास. शेवटी लक्षणं बघून उपचार केले. पाच दिवस सलाईन, नळीनं पातळ खाणं. सहाव्या दिवशी भुरीनं आपणहून मऊ भात खाल्ला.

मोठी जनावरं सांभाळणाऱ्यांना आमच्या भागात दवाखान्याची वाट माहीत असते, 1962 वर फोन करून फिरतं पथक बोलावतात. परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. मांजरासाठी कुणी एवढं धावत नाही, ते असो. माझी तक्रार त्या बाटलीची आहे. सुटं फिनेल विकायला हरकत नाही, गरिबाला तेच परवडतं. पण ते शीतपेयाच्या बाटलीत का? तान्ह्या लेकराच्या घरात ती बाटली पलंगाखाली असते. आत काय आहे ते मराठीत दोन ओळींत चिकटवायला किती खर्च येतो? संबंधित खात्यानं दसऱ्या-दिवाळीच्या आधी तरी यात लक्ष घालावं, आणि आपल्या दैनिकानं हा विषय लावून धरावा, ही विनंती.

आता मी फरशी वाळेपर्यंत भुरीला कोठीत कोंडते, सोबत पाण्याची वाटी. टीसीएलचा डबा फळीवर, झाकण घट्ट. परवा फेरीवाला आला तेव्हा मार्कर पेन घेऊनच दारात उभी राहिले. म्हटलं, बाबा, सांग यात काय आहे, मी लिहून घेते. त्यानं बाटली हलवली, उन्हात धरून बघितली आणि म्हणाला, "मावशी, मालक भरून देतो ते आम्ही विकतो. वास घेऊन तुम्हीच बघा की."

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, लातूर