दुकानाचे खाते उघडण्यापूर्वी

चि. सायली हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मसाल्याचे काम घरातून भाड्याच्या गाळ्यात नेत आहेस, हे तुझी आई दोन दिवस आळीभर सांगत आहे. परवा फोनवर मात्र तू म्हणालीस, "माझे बचत खाते आहेच की, दुकानाचे पैसे त्यातच येऊ देत." त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

धंद्याची उलाढाल चालू खात्यातून व्हावी, अशी बँकेची अपेक्षा असते. त्यावर व्याज मिळत नाही, बहुधा बचत खात्यापेक्षा जास्त शिल्लक ठेवावी लागते आणि ठरावीक मर्यादेपलीकडे रोख भरली की शुल्क लागते. म्हणून सही करण्यापूर्वी शुल्कांचे पत्रक मागून घे आणि शांतपणे वाच. मात्र उद्या एखाद्या किराणा दुकानदाराने तुझ्या धंद्याच्या नावाने चेक दिला, तर तो तुझ्या वैयक्तिक खात्यात जमा होणार नाही. खाते उघडताना बँक धंद्याच्या नावाचे पुरावे मागते. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आणि अन्न परवाना त्यासाठी चालतात. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते, तेव्हा त्यासाठी कोणा एजंटाला पैसे देऊ नकोस.

आता माझी चूक सांगतो. १९९८ च्या मार्चमध्ये घराच्या गच्चीचे काम निघाले, तेव्हा दुकानाच्या खात्यात चांगली शिल्लक दिसली म्हणून मी त्यातून गवंड्याचे पैसे दिले. पुण्याच्या घाऊक व्यापाऱ्याला आठवड्यापूर्वी दिलेला चेक अजून वटायचा होता, हे माझ्या ध्यानातच राहिले नाही. 'शिल्लक अपुरी' असा शेरा घेऊन तो परत गेला. चेक न वटल्यास खटला भरण्याची तरतूद १९८९ पासून कायद्यात आहे. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत, तर प्रकरण न्यायालयात जाऊ शकते. त्या भल्या माणसाने नोटीस पाठवली नाही, पण पुढे वर्षभर मला एक रुपयाचाही माल उधार दिला नाही. पासबुकात दिसणारी सगळी रक्कम आपली नसते, हे मला त्या वर्षी कळले. तेव्हापासून मी महिन्याच्या एक तारखेला ठरलेली रक्कम घरखर्चासाठी काढत असे आणि रोजमेळात, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, ती 'मालकाची उचल' म्हणून लिहीत असे. तूही तसेच कर.

रात्री गाळा बंद करण्यापूर्वी दहा मिनिटे काढत जा. क्यूआर कोडवर आलेल्या रकमांची बेरीज, गल्ल्यातली रोख आणि विक्रीची वही यांचा मेळ घाल. पैसे आल्याचे यंत्र बोलून सांगते, पण त्याच्या आवाजावर हिशेब लिहायचा नसतो. महिनाअखेरीस बँकेचे विवरण आणि रोजमेळ शेजारी ठेवून जुळणाऱ्या एकेका नोंदीपुढे दोन्हीकडे तांबड्या पेन्सिलीने खूण कर. खूण न झालेल्या ज्या दोन-चार ओळी उरतील, तिथेच न वटलेला चेक किंवा न विचारता कापलेले शुल्क सापडते.

आणखी एक गोष्ट अनेक दुकानदारांना ठाऊक नसते. बँक बुडाली तर एका बँकेतील एका ठेवीदाराला व्याजासह पाच लाखांपर्यंतच विम्याचे संरक्षण आहे. ही मर्यादा २०२० मध्ये एक लाखावरून वाढली. एकट्याच्या मालकीच्या धंद्याचे चालू खाते आणि त्याच मालकाचे बचत खाते एकाच बँकेत असेल, तर दोन्ही शिल्लका एकत्र धरल्या जातात. सबब चालू खाते दुसऱ्या बँकेत काढलेस तर बरे, फक्त ती गाळ्यापासून चालत जाण्याइतकी जवळ असावी.

तुझी आई पुढच्या आठवड्यात तिकडे येत आहे. तिच्याबरोबर माझा जुना रोजमेळ पाठवतो. १९९८ च्या मार्चचे पान दुमडून ठेवले आहे.

तुझे,
बाबा